पोट तपासलं, पोराला विचारायचं राहून गेलं

गेल्या महिन्यात ओपीडी संपता संपता एक आजोबा आत आले. सोबत पेशंट नव्हता. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, नातू टेक्सासला असतो. चार वर्षांचा झाला. फोनवर आमच्याशी बोलतच नाही, नुसता हसतो. तिथल्या बालवाडीच्या बाईंनी सांगितलंय म्हणे, घरी पण इंग्रजीच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. खरं आहे का हे?"

मी त्यांना उत्तर दिलं. ते उत्तर पुढे या लेखात येईलच. पण त्यांच्या प्रश्नामुळे मला माझ्या भाच्याची आठवण झाली आणि त्याच्या बाबतीत मी केलेल्या एका चुकीचीही. ती गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. परदेशात मुलं वाढवणाऱ्या आई-बाबांसाठी हा लेख आहेच, पण त्याहून जास्त तो इकडे बसलेल्या आजी-आजोबांसाठी आणि मामा-काकांसाठी आहे.

नऊ वर्षांचा मुलगा आणि पोटदुखी

माझी धाकटी बहीण अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. भाचा तिथेच जन्मला. आधी ते एका मोठ्या शहराजवळ राहायचे, तिथे वर्गात चार-पाच भारतीय मुलं होती. तो आठ वर्षांचा असताना मेव्हण्यांची नोकरी बदलली आणि कुटुंब एका छोट्या गावात गेलं. नव्या वर्गात हा एकटाच भारतीय.

सहा महिन्यांत त्याचं पोट दुखायला लागलं. बेंबीभोवती दुखायचं, तासभर दुखून थांबायचं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त, लघवी, शौच सगळं तपासलं. ग्लुटेनचा त्रास आहे का तेही पाहिलं. सगळं नॉर्मल. उन्हाळ्याच्या सुट्टीत बहीण त्याला घेऊन विट्याला आमच्याकडे आली. तिची रजा कमी होती, म्हणून आठवड्याने ती परत गेली आणि भाचा सहा आठवडे आमच्याकडे राहिला. जाताना मला म्हणाली, "दादा, तू लहान मुलांचा डॉक्टर आहेस. एकदा तू नीट बघ."

मी नीट बघितलं. पोट दाबून पाहिलं, वजन-उंची तक्त्यावर मांडली, सोनोग्राफी करून घेतली, जंताचं औषध दिलं. पोटात काही सापडलं नाही. आणि गंमत म्हणजे आमच्याकडे आल्यापासून दुखणंही थांबलं होतं. मी बहिणीला फोनवर सांगितलं, "इकडच्या ज्वारीच्या भाकरीनं बरा झाला बघ."

पंधरा दिवसांनी आमच्याकडे एका पुतण्याची मुंज होती. घर पाहुण्यांनी भरलेलं. जेवायला उशीर झाला. भाचा सगळ्यांसमोर माझ्या आईला म्हणाला, "आजी, मला भूक आली."

आणि मी मोठ्यानं म्हणालो, "भूक आली? मग दारात का उभी केलीस? आत बोलव तिला, चहा-पाणी विचार!"

सगळे हसले. तोही हसला. मग दिवसभर भावंडांनी तो विनोद चालवला. कोणी दार उघडून "या या भूकताई" म्हणत होतं, कोणी त्याचे उच्चार करून दाखवत होतं. एका काकांनी त्याला "काय गोरेसाहेब" अशी हाक मारली. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. आपल्याकडे लग्नकार्यात एकमेकांची अशी फिरकी घेतातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. मी पुन्हा तपासलं आणि म्हणालो, "काल श्रीखंड जास्त झालं असेल." त्यानंतर तो आमच्याशी मराठीत बोलायचाच थांबला. विचारलं की मान हलवायचा, नाहीतर इंग्रजीत एक शब्द. ते माझ्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते माझ्या आईच्या, कारण तो तिच्याजवळ झोपायचा.

तिसऱ्या-चौथ्या रात्री त्याने तिला मोडक्या मराठीत जे सांगितलं, ते आईने सकाळी चहा गाळता गाळता मला सांगितलं. तो म्हणाला होता, "तिकडे मुलं विचारतात, तू कुठून आलास. इकडे पण विचारतात, तू कुठून आलास."

मग आई मला म्हणाली, "तू पोट तपासलंस रे. पोराला काही विचारलंस का?"

डब्याची गोष्ट

त्या दिवशी दवाखान्यातून लवकर येऊन मी त्याला घेऊन मळ्यात गेलो. विहिरीच्या कठड्यावर बसलो. आधी मी त्याची माफी मागितली. "तुझ्या बोलण्याला मी हसलो, ते चुकलं माझं," असं इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हीत सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूहळू एकेक बाहेर आलं.

त्याच्या नावात 'ज्ञ' आहे. आपण मराठी माणसं 'ज्ञ' इंग्रजीत लिहिताना 'डी-एन-वाय' लिहितो. अमेरिकेतल्या शिक्षकांना त्याचा उच्चार कसा करायचा हे कळणं शक्यच नाही. रोज हजेरी घेताना बाई इतर नावं भराभर वाचायच्या आणि त्याच्या नावापाशी थांबायच्या. वर्ग मागे वळून बघायचा. शेवटी त्यानेच सांगितलं, "मला नुसतं 'डी' म्हणा." घरी कोणाला याचा पत्ता नव्हता.

दुसरी गोष्ट डब्याची. एका एकादशीला बहिणीने डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली होती. भरपूर शेंगदाण्याचं कूट घातलेली. तिकडे काही मुलांना शेंगदाण्याची जीवघेणी अ‍ॅलर्जी असते, म्हणून अनेक शाळांत त्यावर बंधनं असतात. नियम योग्यच आहे, मी डॉक्टर म्हणून त्याच्या बाजूने आहे. पण झालं असं की देखरेख करणाऱ्या बाईंनी डबा उचलून नेला, टेबल पुसून घेतलं आणि त्याला वेगळं बसवलं. का, हे नऊ वर्षांच्या मुलाला कोणी समजावून सांगितलं नाही. त्याला एवढंच दिसलं की आपल्या घरचं जेवण घाण किंवा धोकादायक आहे. पुढे काही दिवस मुलं त्याच्या शेजारी बसेनात.

तेव्हापासून तो डबा शाळेतल्या कचऱ्याच्या डब्यात ओतत होता. पोळी-भाजी, पोहे, थालीपीठ, सगळं. डबा रिकामा घरी यायचा, म्हणून बहिणीला वाटायचं पोरगं नीट जेवतंय. दिवसभर तो उपाशी असायचा.

रात्री मी बहिणीला फोन केला. सगळं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी पोटदुखीची तारखेवार वही ठेवली आहे, तुला फोटो पाठवते." त्या वहीत स्पष्ट दिसत होतं. रविवारची रात्र, सोमवारची सकाळ, सुट्टीनंतरचा पहिला दिवस. वही आम्हा दोघांकडे होती, दोघांनीही त्यात फक्त पोट शोधलं होतं.

पोटच का दुखतं?

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, म्हणजे तो नाटक करत होता. नाही. हे दुखणं खरं असतं.

आपल्या आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. परीक्षेच्या आधी आपल्याला शौचाला लागतं, वाईट बातमी आली की पोटात गोळा येतो, ते यामुळेच. मन सतत तणावात असलं की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी न जाणवणारा साधा ताण, गॅसही दुखायला लागतो. लहान मुलाकडे "मला परकं वाटतं" हे सांगायला शब्द नसतात, त्यामुळे कळ पोटात येते.

जॉन अ‍ॅप्ली या इंग्लंडमधल्या बालरोगतज्ज्ञांनी १९५८ साली शाळकरी मुलांच्या वारंवार होणाऱ्या पोटदुखीचा अभ्यास मांडला. सुमारे हजार मुलांत दर दहांमागे एकाला असा त्रास होता आणि त्यातल्या फार थोड्यांच्या पोटात प्रत्यक्ष आजार सापडला. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी खऱ्या आजाराची शक्यता जास्त, हा त्यांचा ठोकताळा आम्ही आजही विद्यार्थ्यांना शिकवतो.

पण थांबा. यावरून "पोट दुखतंय म्हणजे मनाचंच आहे" असं घरच्या घरी ठरवू नका. पुढीलपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा:

- वजन कमी होणं किंवा उंची वाढायची थांबणं
- झोपेतून जागं करणारं दुखणं
- शौचातून रक्त, वारंवार किंवा हिरवी उलटी
- ताप, सांधेदुखी, लघवीला जळजळ
- बेंबीपासून लांब, विशेषतः उजवीकडे खाली दुखणं

हे सगळं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, की पुढचा प्रश्न मुलाला विचारायचा. "दुखतंय का?" हा नव्हे, तर "शाळेत जेवायला तू कोणाशेजारी बसतोस?" हा. या एका प्रश्नाने मला दवाखान्यात कितीतरी वेळा खरं उत्तर मिळालं आहे.

'मी कोण?' हा प्रश्न

'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द आपण सहज वापरतो. तो रूढ करणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांची गोष्ट मला फार जवळची वाटते. त्यांचा जन्म १९०२ मध्ये जर्मनीत झाला. आई डेन्मार्कची, ज्यू. सावत्र वडील लहान मुलांचे डॉक्टर. हा मुलगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. ज्यूंच्या धार्मिक शाळेत मुलं त्याला तो ज्यू दिसत नाही म्हणून चिडवायची आणि नेहमीच्या शाळेत तो ज्यू आहे म्हणून. पुढे १९३३ मध्ये ते अमेरिकेत गेले, तिथे आडनावही बदललं. 'मी कोण' हा किशोरवयातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, असं त्यांनी जगाला सांगितलं. त्यांना तो पुस्तकातून सापडला नव्हता.

हा प्रश्न सगळ्याच मुलांना पडतो. पण ज्यांचे आई-वडील दुसऱ्या देशातून आले, त्यांना तो लवकर पडतो आणि रोज पडतो. नावापाशी, डब्यापाशी, दिवाळीला सुट्टी नसते तेव्हा, मैत्रिणीच्या घरी रात्री राहायला आई नाही म्हणते तेव्हा.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी अशा माणसांपुढच्या चार वाटा सांगितल्या आहेत. पहिली, जुनं सोडून पूर्ण नव्यात मिसळणं. दुसरी, नव्याला दूर ठेवून फक्त जुन्याला धरून राहणं. तिसरी, दोन्हीकडून तुटणं. आणि चौथी, दोन्ही सोबत ठेवणं. साधारणपणे दोन्ही सोबत ठेवणाऱ्यांचं मन जास्त निरोगी राहतं आणि दोन्हीकडून तुटलेल्यांना सर्वांत जास्त त्रास होतो.

पण चौथी वाट मुलाने एकट्याने चालायची नसते. तिकडच्या वर्गाने त्याचं नाव नीट घ्यावं लागतं आणि इकडच्या घराने त्याचं मोडकं मराठी हसल्याशिवाय ऐकावं लागतं. माझ्या भाच्याला एका दारातून शाळेने ढकललं होतं. दुसरं दार त्या मुंजीच्या दिवशी मी लावलं होतं.

दोन भाषांनी मूल गोंधळतं का?

आता त्या आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, गोंधळत नाही. लहान मुलाचा मेंदू दोन, अगदी तीन भाषाही एकत्र शिकू शकतो. सुरुवातीला प्रत्येक भाषेतले शब्द थोडे कमी वाटतात, पण दोन्हींचे मिळून मोजले तर साधारण एका भाषेच्या मुलाइतकेच भरतात. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हेही स्वाभाविक आहे. "मम्मी, माझा शू ओपन झाला" म्हणणाऱ्या मुलाला भाषादोष नाही. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९६२ मध्ये मॉन्ट्रियलच्या दहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात तर फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येणारी मुलं बुद्धिमत्ता चाचण्यांत पुढे निघाली. त्याआधी उलटंच मानलं जायचं.

मूल दोन्ही भाषांत मागे असेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल किंवा हाकेला ओ देत नसेल, तर कान आणि बोलणं जरूर तपासून घ्या. पण उपाय म्हणून घरची भाषा बंद करू नका. आई-बाबा ज्या भाषेत रागावतात, लाड करतात, गोष्ट सांगतात, ती भाषा तोडली तर मुलाचं घरच्यांशी बोलणंच तुटतं.

काय करावं?

तिकडच्या आई-बाबांसाठी:

- मुलाचं नाव शिक्षकांना सुरुवातीलाच भेटून शिकवा. तोडून, तीनदा म्हणून दाखवा. मुलाला छोटं नाव आवडत असेल तर तेही चालेल, पण ते त्याने आवडीने घेतलेलं असावं, लाजेने नव्हे.
- डब्यात काय न्यायचं ते मुलाला ठरवू द्या. शाळेत सँडविच आणि घरी भाकरी, यात संस्कृती बुडत नाही.
- "आपण इंडियन आहोत, आपल्यात असं चालत नाही" हे वाक्य जपून वापरा. कारण सांगा. कारण नसेल तर नियमाचा पुन्हा विचार करा.
- तिकडच्या मराठी मुलांशी गाठ घालून द्या. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करतं आणि अनेक शहरांत मराठी शाळा चालतात. तिथे मूल किती मराठी शिकतं हा भाग वेगळा, आपल्यासारखी आणखी दहा मुलं आहेत हे त्याला दिसतं.

इकडच्या आपल्यासाठी:

- मराठी चुकलं तर हसू नका, लगेच दुरुस्तही करू नका. "मला भूक आली" म्हटलं तर "भूक लागली का रे? चल, वाढते" एवढंच म्हणा. बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला, काम झालं.
- चारचौघांत "मराठीत बोलून दाखव" अशी परीक्षा घेऊ नका.
- फोनवर "कसा आहेस, अभ्यास कसा चाललाय" यापलीकडे जा. एक कोडं घाला, भाजी निवडताना कॅमेरा लावा, त्याच्याकडून इंग्रजी शब्द शिका. शिकवणारा तोही असू द्या.

झोप उडणं, शाळेत जायला ठाम नकार, मित्र तुटणं, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं बोलणं, ही लक्षणं दिसली तर वाट पाहू नका. अमेरिकेत आणि कॅनडात ९८८ या क्रमांकावर आणि भारतात टेली-मानसच्या १४४१६ वर चोवीस तास बोलता येतं. मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात कमीपणा नाही.

आपल्या गावातलीही मुलं

हे लिहिताना माझ्या दवाखान्यातले बाक डोळ्यांसमोर येतात. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं गलाई व्यवसायात आहेत. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. दुष्काळाने माणसं बाहेर पडली आणि पार केरळ, तामिळनाडू, पंजाबपर्यंत पोचली. त्यांची मुलं तिकडच्या शाळांत तमिळ, मल्याळम शिकतात आणि जत्रेला, दिवाळीला गावी येतात. ती मराठी बोलली की इकडची भावंडं हसतात. आणि आपल्या गावच्या शाळेत बिहार, राजस्थान, कर्नाटकातून आलेल्या कामगारांची मुलं असतात, त्यांच्या मराठीला आपली मुलं हसतात. ओहायोच्या शाळेवर मी चिडलो होतो तेव्हा माझ्याच गावचे हे वर्ग मला आठवले नव्हते.

पुढे काय झालं?

भाचा परत गेला. बहिणीने वर्गशिक्षिकेची भेट घेतली, सोबत त्यालाही नेलं. बाईंनी त्याचं नाव वहीत उच्चारानुसार लिहून घेतलं आणि शेंगदाण्याचा नियम त्याला नीट समजावला. डब्याचा निर्णय त्याच्याकडे गेला. सकाळी पोटभर नाश्ता, वेळेवर झोप, दुखायला लागलं की पोटाने हळू श्वास घेणं, एवढंच औषध. दुखणं एका दिवसात गेलं नाही. चार-पाच महिने येत-जात राहिलं, मग कमी झालं. त्याचं मराठी परत यायला मात्र जास्त वेळ लागला. माझ्या आईशी तो लगेच बोलायला लागला, माझ्याशी जवळजवळ दोन वर्षांनी.

आता तो कॉलेजात आहे. उंच झालाय, मिसरूड फुटलंय. गेल्या सुट्टीत आला तेव्हा दारातूनच ओरडला, "मामी, भूक आली आहे, तिला चहा विचार!" सगळे हसलो, मीही हसलो. पण या वेळी विनोद त्याने केला होता. मी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग हसलो.

त्या टेक्सासच्या नातवाच्या आजोबांना मी शेवटी एवढंच सांगितलं. तो हसतोय ना फोनवर? मग तुम्ही मराठीत बोलत राहा. तो ऐकतोय.